जुनी मोटारसायकल घेताना: आधी कागद, मग चेसिस, इंजिन शेवटी

जुनी गाडी बघायला गेलेला नवखा माणूस आधी किक मारतो आणि आवाज ऐकतो. आवाज गोड असला की निम्मा सौदा तिथेच होतो. खरं तर तपासणी याच्या उलट क्रमाने करायला हवी. इंजिन बिघडलेलं असेल तर पुण्याच्या नाना पेठेत मिळणारे पार्ट आणि एक चांगला लेथवाला यांच्या जोरावर ते पुन्हा उभं राहतं. वाकलेली चेसिस सरळ करायला खर्च येतो आणि ती पूर्वीसारखी होईलच असं नाही. कागद मुळातच नसतील तर कुठलाही मिस्त्री काही करू शकत नाही.

पायरी १: कोणती गाडी?

रोज ऑफिसला न्यायची आणि रविवारी फिरवायची असेल तर १९९९ ते २००८ या काळातली फोर-स्ट्रोक घ्या. हीरो होंडाची सीबीझेड १९९९ मध्ये आली, १५६.८ सीसीची. बजाजची पल्सर १५० आणि १८० ही जोडी २००१ मध्ये आली, आणि २००३ पासून तिला दोन प्लगचं डीटीएस-आय इंजिन मिळालं. पल्सर तर इथलीच, आकुर्डी-चाकणच्या कंपनीची. तिचं काम न येणारा मिस्त्री पुण्यात शोधावा लागेल. पहिली जुनी गाडी म्हणून पल्सर घेण्यात कमीपणा मानू नका. कार्ब्युरेटर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं), क्लच प्लेट हे सगळं तिच्यावर स्वस्तात शिकता येतं. त्याहून साधी हवी असेल तर सीडी १०० (१९८५) किंवा पहिल्या पिढीची स्प्लेंडर (१९९४ पासून) पाहा.

टू-स्ट्रोकचा, म्हणजे पेट्रोलसोबत तेल जाळणाऱ्या गाडीचा, नाद असेल तर यामाहा आरएक्स १०० चं नाव पहिलं येतं. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि वजन इतकं कमी की पिकअपमध्ये आजच्याही बऱ्याच गाड्या मागे पडतात. तिला मागणी प्रचंड आहे, म्हणून जोडकामही तिच्यातच सगळ्यात जास्त चालतं. एकाची चेसिस, दुसऱ्याचं इंजिन, वर नवीन टाकी आणि स्टिकर, आणि किंमत मात्र अस्सल गाडीची. आरएक्स १३५ किंवा सुझुकीच्या सामुराई, शोगन तुलनेने कमी पैशात येतात. सामुराई-शोगनचे पार्ट मात्र शोधत फिरावं लागतं, हे धरून चाला.

येझदी आणि जुनी जावा म्हैसूरच्या कारखान्यातल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं परत आली, पण त्या गाड्या पूर्ण वेगळ्या आहेत आणि त्यांचे पार्ट जुनीला लागत नाहीत. जुन्या येझदीत किकचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा होतो. तो मधल्या जागी अडकत असेल किंवा गिअर टाकताना सरकत असेल तर आतली खाच झिजली आहे.

कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनाच्या, बुलेटचे गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. ब्रेक डाव्या पायाला. डोकं हे समजून घेतं, पण अचानक कोणी आडवं आलं की पाय जुन्या सवयीने वागतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे लक्ष्मी रोडला नेऊ नका. पहाटे रिकाम्या रस्त्यावर नुसते थांबण्याचे सराव करा.

राजदूत यामाहा आरडी ३५० पहिली गाडी म्हणून नकोच. १९८३ मध्ये आलेलं हे जुळं सिलिंडर फार सुंदर आहे, पण दोन कार्ब्युरेटर सारखे लावणं आणि कमकुवत पुढचा ड्रम ब्रेक सांभाळणं हे दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतरचं काम.

पायरी २: कागद

गाडी पाहायला जाण्याआधीच आरसीचा फोटो मागवा. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेले दंड महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर दिसतात. एमएच-१२ किंवा एमएच-१४ च्या आधीचा, एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा नंबर असेल तर नोंद ऑनलाइन नसण्याची शक्यता मोठी. मग विकणाऱ्यानेच आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून ती नोंद चढवून घ्यायला हवी. ‘नंतर करून देतो’ यावर पैसे देऊ नका.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, चालू विमा आणि पीयूसी लागते. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ती २,००० करण्यात आली. त्याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. मुदत उलटून वर्षं गेली असतील तर उशिराची फी दर महिन्याने चढते. हा सगळा हिशेब परिवहनच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच्या दराने करा आणि गाडीच्या किमतीतून वजा करून बोला.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. वाड्यात वर्षानुवर्षं उभी असलेली आजोबांची गाडी पुण्यात बऱ्याचदा विकायला येते. आजोबा हयात नसतील तर फॉर्म ३१ ने ती आधी वारसाच्या नावावर होते, मग तुमच्या. मधली पायरी गाळून कोणी कोऱ्या फॉर्मवर सही दाखवत असेल तर तिथूनच परत फिरा.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी लागते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी आहे, पहिली फी २०,००० रुपये. त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. १९७० सालची जावा भाजी आणायला न्यायची असेल तर तिची साधी नोंदणीच चालू ठेवा.

पायरी ३: चेसिस आणि सांगाडा

सोबत न्या: टॉर्च, चिंधी, पेन्सिल आणि पातळ कागद, सहा-सात मीटर सुतळी, छोटा मल्टिमीटर.

चेसिस नंबर हँडलच्या मानेवर, इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवा. आकडे वरखाली असतील, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर गाडी सोडा. यात तडजोड नाही.

मग सुतळी. गाडी मधल्या स्टँडवर, हँडल सरळ. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी अशी ताणा की ती टायरला पुढे आणि मागे दोन ठिकाणी टेकेल, आणि तीच रेषा पुढच्या चाकापर्यंत न्या. पुढच्या टायरपासून दोन्हीकडे अंतर सारखं यायला हवं. फरक आला तर आधी चेन ॲडजस्टरच्या खुणा पाहा. मागचं चाक तिरकं बसवलेलं असलं तरी असंच दिसतं. चाक सरळ करूनही फरक राहिला तर फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) किंवा चेसिस वाकली आहे.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. काम लहान आहे, पण तसंच चालवलं तर गाडी सरळ रस्त्यावरही डुलते. मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग. फोर्कच्या नळ्यांवर नखाने फिरवा. क्रोमला खड्डे असतील तर नवीन ऑइल सील आठवड्यात गळेल, आधी नळ्या बदलाव्या लागतील. फूटरेस्टच्या आणि स्विंगआर्मच्या जोडापाशी नंतर केलेलं वेल्डिंग दिसतं का तेही बघा.

टाकीत टॉर्च मारा. तपकिरी भुकटी चालेल, पापुद्रे चालणार नाहीत. टायरवर चार आकडे गोल चौकटीत असतात, ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचाच आहे असं धरा.

पायरी ४: इंजिन, आणि तेही थंड

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर हात लावा. इंजिन कोमट लागलं तर थंड असताना सुरू न होण्याचा आजार लपवला जातोय असं समजा. अर्धा-पाऊण तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

चोक ओढून चांगल्या स्थितीतली गाडी तीन-चार किकमध्ये घ्यायला हवी. बुलेटची रीत वेगळी. चावी लावून किक सावकाश दाबा, अँमीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढा, किक किंचित पुढे न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, दांडा वर येऊ द्या आणि मग पूर्ण लांबीची एकच किक. घाईने अर्धी मारली तर ती उलटी लाथ मारते.

धूर वाचायला शिका. फोर-स्ट्रोकमध्ये एक्सलेटर पिळताना सतत निळा धूर म्हणजे रिंग-पिस्टन गेले. उतारावर एक्सलेटर सोडून पुन्हा दिला आणि तेवढाच भपका आला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड. पहिलं काम महाग, दुसऱ्यात नुसतं हेड उतरवून भागतं. टू-स्ट्रोकमध्ये सुरुवातीचा धूर नेहमीचाच. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लच साइडचं क्रँक सील फाटलं आहे, इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितंय. मॅग्नेट साइडचं सील गेलं तर धूर नाही, उलट हवा आत शिरते. ओळख अशी: एक्सलेटर पिळून सोडला की आवाज लगेच खाली यायला हवा. तो वरच रेंगाळला तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. अशी गाडी लांब पळवली की पिस्टन जाम होतो. नवीन पिस्टन टाकूनही पुन्हा जाम होणाऱ्या बहुतेक टू-स्ट्रोकांच्या मुळाशी हेच असतं, आणि लोक पिस्टनच बदलत बसतात.

बोअर, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून मोठं करणं, किती वेळा झाला हे विचारा. पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी ओव्हरसाइजमध्ये येतात. शेवटच्या मापावर असलेलं सिलिंडर म्हणजे पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) बदलणं आलं.

मल्टिमीटर बॅटरीला लावा. १२ व्होल्टची गाडी बंद असताना १२.५ च्या आसपास, एक्सलेटर दिल्यावर १३.५ ते १४.५. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. त्यांचा पुढचा दिवा मंदच असतो, तो दोष नाही.

सौद्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जवळच्या पैशांतले तीस-चाळीस टक्के दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्यात बसणारी गाडी घ्या. ‘थोडंच काम आहे’ म्हणणाऱ्याने ते काम करून का घेतलं नाही, हा साधा प्रश्न विचारावा.

पायरी ५: घरी आणल्यावर

रंगकाम, क्रोम, नवीन सीट हे सगळं सहा महिन्यांनी. आधी गाडी ५०० किलोमीटर चालवा, तिचे खरे आजार तेव्हाच कळतात. त्याआधीची कामं या क्रमाने करा.

ब्रेक आणि टायर पहिले. ड्रम उघडा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) गुळगुळीत चकाकत असेल तर पॉलिश पेपरने घासा. ब्रेक कॅम बाहेर काढून स्वच्छ करा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. हा कॅम गंजलेला असतो म्हणूनच बहुतेक जुन्या गाड्यांचा ब्रेक लागत नाही, नवीन लायनर टाकून काही होत नाही.

मग तेलं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि फोर्कचं तेल, तिन्ही बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं तरी. काढलेलं तेल उन्हात धरून पाहा. बारीक चंदेरी चमक क्लच-गिअरच्या नेहमीच्या झिजेची, बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे इंजिन उघडायची वेळ. बुलेटचं तेल रात्रभर उभ्या गाडीत मोजू नका. ते खाली उतरून बसतं आणि कमी दिसतं. पाच-दहा मिनिटं चालवून मग पट्टी बघा.

टाकी गंजलेली असेल तर पेट्रोलचा कॉक काढून तिथे बूच मारा, टाकी पांढऱ्या व्हिनेगरने काठोकाठ भरा आणि २४ तास ठेवा. रिकामी करून दोन-तीन वेळा पाण्याने, मग चार-पाच चमचे खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा. सोडा विसरलात तर उरलेलं आम्ल संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज आणतं. गरम हवेने लगेच वाळवा आणि १०० मिली टू-टी ऑइल आत फिरवा. व्हिनेगर रंगावर सांडू देऊ नका. एखादं बारीक भोक उघडं पडलं तर घाबरू नका, ते आधीपासूनच होतं, गंजाने बुजलेलं होतं इतकंच.

कार्ब्युरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, धुवा. पायलट जेटमध्ये पिन घालू नका, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार पुरते. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिन जिथे सगळ्यात सुरळीत चालेल तिथे सोडा.

पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या जुन्या) गाडीत पॉइंट पूर्ण उघडले असताना फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. प्लगची फट ०.६ मिमीच्या आसपास. पाच-सहा किलोमीटर चालवून प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी रंग उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त. पांढरा दिसला तर घाटात जाऊ नका.

बुलेटचे टॅपेट इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना लावायचे. पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) बोटांनी सहज फिरावा आणि वरखाली अजिबात हलू नये. याच बुलेटचे बरेच नट इंच मापाचे आहेत. मिमीचा पाना लावून कडा घासल्या की पुढच्या माणसाला छिन्नी घ्यावी लागते.

टू-स्ट्रोक साठच्या पुढे ओढत नसेल तर इंजिन खोलायच्या आधी सायलेन्सरच्या टोकाची आतली नळी बाहेर काढा. कार्बनने बुजलेली असेल तर ब्लोलॅम्पने जाळून तारेच्या ब्रशने घासा. फुकटचं काम आहे आणि गाडी नवीन केल्यासारखी पळते.

पार्टांसाठी नाना पेठ. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून मिळालेला पार्ट बसेलच असं नाही. जुन्या बाजारात टाकी, मडगार्ड, मीटर असं काही सापडतं, पण नंबर असलेलं इंजिन किंवा चेसिस बिलाशिवाय घेऊ नका.

पायरी ६: पेट्रोल आणि तेल

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनलेले नाहीत. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि फ्लोटची सुई इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या टाका. नळी फुगून मऊ झाली की गळती लांब नसते. मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणून प्लग पांढरट दिसू लागला तर मेन जेट एक माप मोठा बसवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होईल. दोन महिन्यांहून जास्त असेल तर टाकीही रिकामी करा.

येझदी, जावा आणि राजदूत १७५ मध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, पाच लिटरला २००. मापाची बाटली जवळ ठेवा, अंदाजाने ओतू नका. सुरू करण्याआधी गाडी हलवून घ्या, नाहीतर तेल तळाशी बसतं आणि पहिली किक नुसत्या तेलावर जाते. आरएक्सला वेगळी तेलटाकी आणि पंप आहे, पण पंपाची केबल एक्सलेटरच्या खुणेशी जुळलेली हवी. ती सैल राहिली तर तेल कमी जातं.

पायरी ७: पुण्याबाहेर

पहिले शंभर किलोमीटर घराच्या दहा किलोमीटरच्या आत काढा. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि जुन्या गाडीची मजाही तिथे नाही. पहिली फेरी बोपदेव किंवा दिवे घाटाने सासवडला. अंतर बेताचं, वाटेत चहा आणि काही झालंच तर टेम्पो मिळतो. आषाढीच्या सुमारास माउलींची पालखी दिवे घाटातून जाते, त्या दिवशी ही वाट विसरा. सिंहगडाची चढण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, आणि रविवार टाळून. गर्दीत थांबत-थांबत चढताना हवेवर थंड होणारं इंजिन तापतं आणि क्लच जळतो. पानशेतचा किंवा ताम्हिणीचा रस्ता त्यानंतर.

उतरताना टू-स्ट्रोकची एक गोष्ट जिवावर बेतते. तेल पेट्रोलसोबतच आत जातं. लांब उतारावर एक्सलेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरत राहतं आणि तेल जवळजवळ मिळत नाही. दर काही सेकंदांनी क्लच ओढून एक्सलेटरला हलका झटका द्या. इंजिन अचानक जड वाटलं, मागचं चाक ओढल्यासारखं झालं की त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. डावी दोन बोटं उतारभर क्लचवर ठेवायची सवय लावा. फोर-स्ट्रोकला हे लागत नाही, तिथे खालच्या गिअरवर उतरा, ब्रेक थोडा-थोडा मारा. ड्रम तापला की लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि गाडी थांबत नाही.

सोबत ठेवा: एक प्लग आणि प्लगपाना, क्लच केबल, चेन लॉक, फ्यूज, चिकटपट्टी, हातभर वायर, पॉइंटवाली गाडी असेल तर कंडेन्सर, टू-स्ट्रोक असेल तर २०० मिली तेल. क्लच केबल नवीन टाकताना जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवली तर तुटल्यावर पाच मिनिटांत फक्त टोकं बदलायची राहतात.

परत आल्यावर लगेच कव्हर टाकू नका. दोन्ही हबवर हात ठेवा. एक खूप गरम आणि दुसरा थंड असेल तर एक ब्रेक चिकटतोय. इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पुढच्या रविवारचं काम त्या डागावरून ठरतं.